दाबताना सा, ओढताना रे

दुकानातल्या टेबलावर तीन पेट्या शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत. तिन्ही षटकोनी, तिन्ही दोन तळव्यांत धरता येतील एवढ्या, दोन्ही टोकांना नक्षीदार जाळी आणि मध्ये घड्याघड्यांचा चामडी भाता. गिऱ्हाईक पहिली पेटी उचलतं, डाव्या हाताखालचं एक बटण दाबून भाता मिटवतं. सा वाजतो. बोट तिथंच ठेवून भाता उघडतं, तर रे वाजतो. काहीतरी बिघडलंय असं वाटून ते दुसरी पेटी घेतं. हिच्यात भाता मिटवा नाहीतर उघडा, बटणाचा स्वर बदलत नाही. मात्र सा डाव्या हातात सापडला तर रे उजव्या हातात, ग पुन्हा डावीकडे. तिसऱ्या पेटीत खर्जाकडचे स्वर डावीकडे आणि वरचे उजवीकडे. बिघाड कुठेच नाही. ही तीन वेगळी वाद्यं आहेत आणि तिन्हींचं नाव एकच आहे: कॉन्सर्टिना.

नव्या वादकाची पहिली फसगत इथे होते. तो लाकूड पाहतो, नक्षी पाहतो, किंमत विचारतो. आणि घरी येऊन शिकायला बसला की हातातली पेटी आणि समोरचं पुस्तक यांचा मेळच बसत नाही. हार्मोनियम घेताना हा प्रश्न येत नाही. कुठल्याही दुकानातली पेटी घेतली तरी पांढरी एक ही पांढरी एकच असते. कॉन्सर्टिना घेताना मात्र लाकूड आणि भाता यांच्या आधी बोटांची भाषा निवडावी लागते, आणि ती एकदा अंगात मुरली की दुसरी शिकणं म्हणजे जवळपास नवं वाद्य शिकणं.

मराठी वाचकाला हा शब्द भेटतो तो बहुधा सीमेवरच्या बातम्यांमध्ये. कुंपणावर पसरलेल्या काटेरी वेटोळ्यांना ‘कॉन्सर्टिना वायर’ म्हणतात, कारण ती या वाद्याच्या भात्यासारखी ओढून लांब करता येतात आणि मिटवताही येतात. वाद्य मात्र आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या वादकांमुळे अकॉर्डियन आपल्या ओळखीचं झालं, म्हणून कॉन्सर्टिना पाहिली की ‘छोटा अकॉर्डियन’ असं वाटतं. दोघांत फरक बराच आहे. अकॉर्डियनची बटणं भात्याच्या हालचालीला आडवी दाबली जातात, कॉन्सर्टिनाची भात्याच्याच दिशेने. अकॉर्डियनच्या डाव्या हाताला एका बटणात आख्खा स्वरमेळ मिळतो. कॉन्सर्टिनात साधारणपणे एका बटणाला एका वेळी एकच स्वर, मेळ वादकाने आपल्या बोटांनी जुळवायचा.

आवाज निघतो तो हार्मोनियमसारखाच. धातूच्या चौकटीत एका टोकाला पक्की बसवलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, हवेच्या झोताने थरथरते आणि स्वर उमटतो. एक रीड हवा एकाच दिशेने जाताना बोलतो, म्हणून कॉन्सर्टिनाच्या प्रत्येक बटणामागे दोन रीड लागतात: एक भाता मिटवतानाचा, एक उघडतानाचा. तीस बटणांच्या पेटीत साठ रीड, अठ्ठेचाळीस बटणांच्या पेटीत शहाण्णव. तळहाताएवढ्या लाकडी चकतीत हे सगळे वर्तुळात मांडून, प्रत्येकाला त्याच्या स्वरानुसार छोटा-मोठा कप्पा देऊन, वरून चामड्याची झडप लावायची. ही पेटी महाग का असते, याचं उत्तर एकदा जाळी उघडून आत पाहिलं की मिळतं.

या वाद्याच्या दोन जन्मकथा आहेत आणि त्या जवळजवळ एकाच काळातल्या. पहिलीतलं नाव विज्ञान शाखेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीचं असेल. बारावीच्या भौतिकशास्त्रात ज्याच्या नावाचा ‘ब्रिज’ शिकवतात, तोच हा चार्ल्स व्हीटस्टोन. त्याच्या घराण्याचा लंडनमध्ये वाद्यांचा व्यवसाय होता. १८२९मध्ये त्याने तोंडाने फुंकायच्या, बाजूंना बटणं असलेल्या ‘सिम्फोनियम’ नावाच्या छोट्या वाद्याचं पेटंट घेतलं. त्याच बटणरचनेला पुढे भाता जोडला गेला आणि १८४४च्या पेटंटमध्ये कॉन्सर्टिना अवतरली. दरम्यान १८३७मध्ये विल्यम कुक यांच्याबरोबर त्याने विजेच्या तारयंत्राचंही पेटंट घेतलं होतं. एकाच माणसाच्या डोक्यात तारा आणि सूर असे शेजारी नांदत होते.

दुसरी कथा जर्मनीतल्या केम्निट्झ शहरातली. तिथे १८३४मध्ये कार्ल फ्रिडरिश उलिग याने एक पेटी केली. तिचं तत्त्व माउथ ऑर्गनचं होतं: फुंकलं की एक स्वर, ओढलं की दुसरा. या जर्मन पेट्या स्वस्त होत्या आणि भराभर पसरल्या. इंग्लंडमधल्या कारागिरांनी जर्मन स्वररचना घेतली, तिला इंग्लिश पद्धतीची मजबूत षटकोनी बांधणी दिली, आणि त्या संकराला नाव पडलं ‘अँग्लो-जर्मन’. आता सगळे तिला नुसतं ‘अँग्लो’ म्हणतात.

अँग्लोची रचना सरगममधून फार सुंदर उलगडते. पाश्चात्त्य सी हा सा धरू. डाव्या हाताच्या सी ओळीतलं तिसरं बटण: दाबताना सा, ओढताना रे. चौथं: दाबताना ग, ओढताना म. पाचवं: दाबताना प, ओढताना ध. मग उजव्या हाताचं पहिलं बटण ओढताना नी आणि दाबताना तार सा. चार बटणांत सप्तक पुरं. त्या ओळीत भाता मिटवताना तुम्ही कोणतीही बटणं दाबा, सा-ग-प यांच्याबाहेरचा स्वर निघतच नाही, म्हणून नवख्याच्या हातूनही पहिल्या दिवशी गोड मेळ वाजतो. दुसरी ओळ पंचमाला सा मानून बसवलेली, आणि तीस बटणांच्या पेटीत तिसऱ्या ओळीत उरलेले कोमल-तीव्र स्वर. या तिसऱ्या ओळीच्या दोन रूढ मांडण्या आहेत, एक जेफ्रीज या कारागिराच्या नावाने ओळखली जाणारी आणि दुसरी व्हीटस्टोन-लाशनाल पद्धतीची. फरक थोड्याच बटणांचा, पण गुरू एका मांडणीवर शिकवणारा आणि शिष्याची पेटी दुसरीची असली, तर तेवढ्या बटणांवर रोज अडखळणं ठरलेलं.

भात्याची दिशा सारखी बदलावी लागते, त्यामुळे अँग्लोवर दोन स्वरांमध्ये बारीकसा झटका येतो. नाचाच्या संगीताला हाच झटका हवा असतो. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनमध्ये गवंडीकाम करणारा विल्यम किम्बर आपल्या गावच्या मॉरिस नर्तकांसाठी अँग्लो वाजवत होता. खरं तर तो नाचाचा हंगाम नव्हता. थंडीत बांधकामं बंद पडली होती, चार पैसे मिळावेत म्हणून मंडळी बाहेर पडली होती. ज्या घरासमोर ते नाचले तिथे सेसिल शार्प नावाचे संगीतशिक्षक पाहुणे म्हणून आले होते. शार्प यांनी दुसऱ्या दिवशी किम्बरला बोलावून त्याच्याकडून धुना लिहून घेतल्या. इंग्लंडमधल्या लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट सांगताना त्या दोन दिवसांपासून सुरुवात करतात. सत्तावीस वर्षांच्या एका गवंड्याच्या हातातली पेटी तेव्हा वाजत नसती, तर शार्प यांच्या वहीत त्या धुना त्या वेळी तरी उतरल्या नसत्या.

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात हीच अँग्लो घराघरांत पोचली, आणि तिथे ती विशेषकरून बायकांचं वाद्य म्हणून ओळखली गेली. किलरश गावात पब चालवणाऱ्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५–१९६०) यांचं वादन १९५०च्या दशकात रेडिओमुळे देशभर पोचलं. आजही दर जुलैत त्याच परगण्यातल्या मिलटाउन मॅल्बे गावी विली क्लॅन्सी यांच्या नावाची उन्हाळी संगीतशाळा भरते आणि तिथे कॉन्सर्टिनाचे वर्ग असतात. आयरिश नृत्यसंगीत वाजवायचं असेल, तर तीस बटणांची सी-जी अँग्लो घ्यावी, यात फारशी चर्चा उरलेली नाही. गुरू, पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, सगळं तिच्याभोवती जमलेलं आहे.

व्हीटस्टोनची ‘इंग्लिश’ कॉन्सर्टिना अगदी वेगळ्या स्वभावाची. भाता कसाही हलवा, बटणाचा स्वर तोच राहतो. सरगम मात्र दोन हातांत वाटलेली: सा डावीकडे, रे उजवीकडे, ग डावीकडे, म उजवीकडे. पाश्चात्त्य स्वरलिपीत ओळींवर बसणारे स्वर डाव्या हातात आणि ओळींमधल्या जागांत बसणारे उजव्या हातात, असा तिचा मूळ हिशेब. अँग्लोमध्ये सा-ग-प एका दिशेला आणि रे-म-ध दुसऱ्या दिशेला होते. इथे तेच दोन गट दोन हातांना वाटले गेले आहेत. वेगवान तान दोन हातांत वाटली जाते, कोणत्याच बोटावर सगळा भार येत नाही. व्हिक्टोरियन काळात ही पेटी मैफलींत मानाने वाजली. ज्युलिओ रेगोंडी हा तिचा मोठा वादक. बर्नहार्ड मोलिक याने कॉन्सर्टिना आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो लिहिला. बर्लिओझ याने वाद्यवृंदावरच्या आपल्या ग्रंथाच्या १८५५च्या आवृत्तीत तिची दखल घेतली.

या इंग्लिश पेटीत एक गंमत दिसते. सप्तकात बारा स्वर, पण बटणं चौदा. जी शार्प आणि ए फ्लॅट यांना वेगळी बटणं, डी शार्प आणि ई फ्लॅट यांनाही. आज ही जोडबटणं एकच स्वर देतात. सुरुवातीच्या पेट्या मात्र वेगळ्या स्वरांतरांनी मिळवलेल्या असत आणि त्यांत या जोड्यांचे स्वर खरोखरच वेगळे होते. समान अंतरांच्या बारा पट्ट्यांत खरे सूर मावत नाहीत ही खंत आपल्याकडेही जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतिहार्मोनियमचा प्रयोग झाला. व्हीटस्टोनची जोडबटणं आणि देवलांची पेटी यांच्यामागचा कान एकाच जातीचा.

तिसरा प्रकार ‘ड्युएट’. स्वर दोन्ही दिशांना तोच आणि पियानोसारखी वाटणी: डावीकडे खालचे, उजवीकडे वरचे. एका हाताने धून, दुसऱ्याने साथ. यातही मॅकान, क्रेन, हेडन अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती आहेत. मुंबईकरांना १८८२पासून ‘मुक्तिफौज’ म्हणून ठाऊक असलेल्या साल्व्हेशन आर्मीने कॉन्सर्टिना मोठ्या प्रमाणावर वापरली आणि क्रेन पद्धतीला तिथे ‘ट्रायम्फ’ हे नाव मिळालं. हेडन पद्धत पेटीवाल्यांना विशेष आवडावी अशी आहे. तिच्यात सा कुठेही धरला तरी बोटांचा आकार तोच राहतो. काळी एकमधली चीज पांढरी चारमध्ये न्यायची असेल, तर हात नुसता सरकवायचा. अट एवढीच की पेटीत बटणं पुरेशी हवीत.

मग निवडायचं काय? आधी वाजवायचं संगीत ठरवावं आणि पेटी त्याच्यामागून यावी. आयरिश नाचाच्या धुना हव्या असतील, तर अँग्लो. भावगीत, भजन, चित्रपटगीत किंवा पाश्चात्त्य स्वरलिपीतून वाचायचं काहीही हवं असेल, तर इंग्लिश; हार्मोनियमप्रमाणेच मींड तिच्यावर निघणार नाही, पण बाराही स्वर दोन्ही दिशांना सहज मिळतात. गाणाऱ्याची साथ स्वतःच करायची असेल, तर ड्युएट. शक्य असेल तर तिन्ही प्रकार अर्धा-अर्धा तास हातात घ्यावेत. भात्याची दिशा आणि बोट यांचा एकत्र हिशेब काहींच्या डोक्याला आपोआप जमतो, काहींना तो महिनोन्‌महिने छळतो, आणि याचा संगीताच्या जाणकारीशी फारसा संबंध नसतो.

प्रकार ठरला की दर्जा. सर्वांत स्वस्त पेट्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं: त्यांची बटणं अडकतात, भाता ताठ असतो, खालचे स्वर उशिरा बोलतात, आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत राहतो. अनेकांचं शिकणं या पेट्यांपाशी संपतं, याचं वाईट वाटतं. त्यांच्या वरच्या पायरीवर नवशिक्यांसाठी विचारपूर्वक केलेल्या पेट्या आहेत. ‘कॉन्सर्टिना कनेक्शन’ या कंपनीने तिन्ही पद्धतींत अशी वाद्यं काढली: तीस बटणांची अँग्लो ‘रोशेल’, तीस बटणांची इंग्लिश ‘जॅकी’ आणि चौतीस बटणांची हेडन ड्युएट ‘एलीस’. त्या आकाराने जरा मोठ्या असतात, एलीसच्या चौतीस बटणांत सगळे कोमल-तीव्र मावत नाहीत, पण बोटांना खरी सवय लागते. पुढच्या पायरीवर अकॉर्डियनचे रीड बसवलेल्या, बाकी बांधणी कॉन्सर्टिनाची असलेल्या संकरित पेट्या. त्या चपळ आणि भरवशाच्या; आवाजाला किंचित अकॉर्डियनचा गोलवा. सर्वांत वर जुन्या पद्धतीने, प्रत्येक रीड स्वतंत्र पितळी चौकटीत बसवून हाताने घडवलेल्या पेट्या. अशा पेटीसाठी काही कारागिरांकडे वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

हार्मोनियम घेताना आपल्याकडे रीड कुठले, पालिताण्याचे का, असं विचारतात. तसा प्रश्न इथेही विचारावा: रीड पोलादी की पितळी, कॉन्सर्टिनाचे की अकॉर्डियनचे. पितळी रीडचा आवाज मऊ असतो, पण पोलादी रीड अधिक टिकाऊ आणि खणखणीत.

दुकानात करायच्या चाचण्या साध्या आहेत. एका टोकाचे पट्टे धरून पेटी उभी लटकवायची, बटण एकही दाबायचं नाही. दुसरं टोक स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरलं, तर भाता आणि आतली हवेची भोकं झाकणाऱ्या गाद्या घट्ट आहेत. धपकन आलं, तर हवा गळते आहे. मग प्रत्येक बटण दोन्ही दिशांना वाजवायचं, आधी अगदी हळू, नंतर जोरात. हळू दाबल्यावर स्वर लगेच जागा होतो का? जोर केल्यावर चिरकतो का? बटण न दाबता कुठला स्वर कुजबुजतो का? बटण सोडल्यावर पटकन वर येतं का? खर्जातला आणि तारसप्तकातला स्वर एकत्र धरून पाहायचा. खालचा वरच्याला झाकत असेल, तर धून नेहमीच दबलेली राहील. शेवटी डोळे मिटून थोडा वेळ नुसतं धरून बसायचं. पट्टा मनगटाला काचतो का, करंगळी बटणापर्यंत पोचते का, हे डोळ्यांपेक्षा हातच सांगतात.

जुन्या पेट्यांचा मोह मोठा असतो आणि तो अनाठायी नाही. व्हीटस्टोन, लाशनाल, जेफ्रीज, क्रॅब यांच्या शंभर वर्षांहून जुन्या पेट्या आजही मैफलींत वाजतात. लुई लाशनाल मूळचा स्विस कारागीर. तो आधी व्हीटस्टोनसाठी काम करायचा, नंतर त्याने स्वतःचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्यातून लाखाच्या वर पेट्या बाहेर पडल्या. व्हीटस्टोनच्या कारखान्याच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जपलेल्या आहेत. पेटीवरच्या क्रमांकावरून ती कधी विकली गेली हे पुष्कळदा शोधता येतं. पण जुनी पेटी घेताना एक गोष्ट आवर्जून तपासावी: तिची पट्टी. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक पेट्या आजच्या चारशे चाळीस कंपनांच्या ए स्वरापेक्षा चढ्या मिळवलेल्या आहेत. एकट्याने वाजवताना काही कळत नाही. दुसऱ्याबरोबर बसलं की पहिल्याच स्वराला कान दुखतात. पुन्हा मिळवता येते, पण त्यासाठी प्रत्येक रीड कानशीने घासावा लागतो. टोकाशी घासला की स्वर चढतो, मुळाशी घासला की उतरतो. घासलेलं पोलाद परत येत नाही, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

पेटी घरी आली. आता सवयीचा भाग, आणि तो कुणी नीट सांगत नाही.

हार्मोनियम वाजवणाऱ्याला पहिला धक्का भात्याचा बसतो. हार्मोनियमच्या पोटात हवा साठवणारा दुसरा भाता असतो, तो दाब सारखा ठेवतो; डाव्या हाताची लय थोडी चुकली तरी स्वर हलत नाही. कॉन्सर्टिनात असा साठा नाही. हाताचा दाब थेट रीडवर जातो, आणि मनगटातला प्रत्येक कंप स्वरात उतरतो. सुरुवातीला आवाज डगमगतो, मध्येच मोठा होतो, ओळीच्या शेवटी दम तुटतो. व्हायोलिनच्या गजासारखा भात्याचा स्वतंत्र रियाज करावा लागतो: एकच स्वर, एकाच जोराने, भाता पुरा उघडेपर्यंत, मग तोच स्वर हळूहळू वाढवत आणि हळूहळू मिटवत. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं हे केलं, तर पुढचे अनेक महिने वाचतात.

अँग्लो वाजवणाऱ्याला आणखी एक कोडं सुटावं लागतं. धुनेतल्या एखाद्या ओळीत दाबायचेच स्वर जास्त असले की भाता मिटून जातो आणि हवा संपते. त्यासाठी उजव्या अंगठ्याखाली हवेचं बटण असतं. ते दाबलं की रीड न वाजता हवा आतबाहेर होते. नवखा वादक धून थांबवतो, हवा भरतो, पुन्हा सुरू करतो. सरावलेला वादक ओढायचा स्वर वाजत असतानाच अंगठा किंचित टेकवतो. स्वर चालू राहतो आणि भाता त्या निमिषात चांगला वीतभर उघडून घेतो. गायक सम गाठण्याआधी चोरून श्वास घेतो, तसंच हे. हे जमायला वेळ लागतो, आणि जमलं की ते आपण करतो आहोत हेही वादकाच्या लक्षात राहत नाही.

बसणं महत्त्वाचं. खुर्चीला हात नसावेत. पेटीचं एक टोक मांडीवर टेकवायचं आणि दुसरं हलवायचं. दोन्ही टोकं एकदम हलवली, तर हवेत तोल सावरण्यात सगळी शक्ती जाते. टोक टेकवायचं, भाता नव्हे. भात्याच्या घड्या कापडावर घासत राहिल्या, तर कोपऱ्यांचं चामडं झिजून तिथूनच गळती सुरू होते. इंग्लिश पेटीत अंगठा चामड्याच्या कडीत आणि करंगळी धातूच्या आधारावर असते, त्यामुळे वजन अंगठ्यावर येतं. पहिल्या काही आठवड्यांत अंगठ्याचं मूळ दुखलं, तर बसण्याची वेळ कमी करावी, पट्टा आवळून घेण्याचा हट्ट करू नये.

लिहून घेण्याचा प्रश्न मराठी वादकापुढे नक्की येतो. कॉन्सर्टिनाची पुस्तकं पाश्चात्त्य स्वरलिपीत किंवा बटणांच्या क्रमांकांत असतात. अँग्लोसाठी आपली सरगमही चालते, फक्त ओढायच्या स्वरांना वेगळी खूण हवी. खालची आडवी रेघ कोमलसाठी, वरची उभी रेघ तीव्र मध्यमासाठी आणि टिंबं सप्तकासाठी आधीच अडकलेली आहेत. ओढायच्या स्वराभोवती गोल काढला, तर काही गोंधळ होत नाही. अशी एक धून लिहून पाहिली की भाता कुठे मिटणार आणि हवा कुठे घ्यायची हे कागदावरच दिसतं.

वर्षानुवर्षं एकाच पेटीवर वाजवलेल्या माणसानेही नवी पेटी घेतली की हात बावरतात. बटणांमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटरने बदललेलं असतं, बटणाची खोली वेगळी, स्प्रिंगचा ताण वेगळा. पाच घड्यांच्या भात्याची सवय असलेल्याला सात घड्यांच्या भात्यात हवा मुबलक मिळते आणि तो ती उधळतो. संकरित पेटीवरून हातघडणीच्या पेटीवर आलेला वादक सुरुवातीला गरजेपेक्षा जोर लावतो, कारण आधीचे रीड जरा दाब मागायचे आणि हे नुसत्या स्पर्शाला बोलतात. अशा वेळी ओळखीच्या, सोप्या धुना अर्ध्या गतीने वाजवाव्यात आणि जुनी पेटी काही आठवडे कपाटात ठेवावी. दोन्ही आलटून पालटून वाजवली, तर हातांना कुठलंच अंतर पक्कं कळत नाही.

पेटीही या काळात बदलत असते. नव्या भात्याचं चामडं आणि पुठ्ठा ताठ असतो, मिटवलेला भाता स्वतःहून थोडा उघडतो. काही महिने वाजवल्यावर घड्या नरम पडतात आणि भाता हाताचं ऐकू लागतो. नव्या झडपा कधीकधी फटफटतात, गाद्या आपल्या भोकांवर नीट बसायला वेळ घेतात, एखादा रीड किंचित उतरतो. म्हणून पहिल्या वर्षानंतर एकदा पेटी कारागिराला दाखवण्याची पद्धत चांगली. एखादा स्वर अचानक गप्प झाला, तर बहुतेक वेळा रीडमध्ये धुळीचा कण अडकलेला असतो. घाबरून घरी सगळे स्क्रू उघडू नयेत. आधी ते बटण दाबून भाता दोन्ही दिशांना जरा जोराने चालवून पाहावा.

कोकणात किंवा मुंबईत पेटी ठेवणाऱ्याला जून ते सप्टेंबर जागं राहावं लागतं. दमट हवेत लाकूड फुगतं, बटणं जाळीत अडकतात, चामड्याला बुरशी धरते, पोलादी रीडला गंज चढतो. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे उलटं होतं: रीडची चकती आक्रसते, रीड आपल्या खाचांत सैल होतात आणि गुणगुणल्यासारखा आवाज येतो. डब्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवावी, पण हवा अगदी कोरडीही करू नये. पेटी रोज थोडी तरी वाजलेली असावी, कारण खेळती हवा आतली ओल काढत राहते.

रात्री ठेवताना भाता पूर्ण मिटवून, हवेचं बटण असेल तर ते दाबून, हलक्या हाताने बंद करावा. बटण न दाबता ओढाताण केली, तर दाब झडपांवर आणि शिवणींवर येतो. डब्यात पेटी जाळीवर उभी न ठेवता आडवी, म्हणजे वाजवताना असते तशी ठेवावी. उभी ठेवली, तर आतल्या चामड्याच्या बारीक झडपा स्वतःच्या वजनाने लोंबून वाकतात आणि मग स्वर उशिरा बोलतात. आणि चार-सहा महिन्यांनी एखाद्या दिवशी वाजवता वाजवता हात पट्ट्यात सैल वाटू लागतो. चामडं ताणून हाताच्या मापाचं झालेलं असतं. तेव्हा पट्टा एका भोकाने पुढे घ्यायचा. भोक नसेल, तर चांभाराकडून एक नवं पाडून घ्यायचं.